आत्याचा बधिर ओठ

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, त्याच्या पुढच्याच वर्षी विमलाआत्यानं नागपूरला फोन लावून भाचीला फर्मावलं, "तिथं दुसऱ्याच्या दवाखान्यात काहून खपून राहिली? इथं भोपाळचे साहेबलोक येऊन राहिले. आपला सोताचा खोल."

शर्मिष्ठा नुकतीच दातांची डॉक्टर झाली होती. आई लहानपणीच गेल्यामुळं तिला वाढवलं ते आत्यानं. रायपूरच्या पंडरी भागात एका कापडदुकानाच्या वरच्या दोन खोल्या आत्यानंच हिंडून शोधल्या आणि दवाखान्याचा नारळही तिनंच फोडला.

दवाखाना जरा चालू लागतो न लागतो तोच आत्याची अक्कलदाढ ठणकू लागली. खालची, उजवीकडची, हाडात आडवी रुतलेली. एक्सरेत स्पष्ट दिसत होतं, दाढेची मुळं जबड्यातल्या, ओठाला जाणीव देणाऱ्या नसेला खेटून होती. असली दाढ मोठ्या सर्जनकडे पाठवायची असते, हे शर्मिष्ठाला पक्कं ठाऊक होतं. पण बाहेर बाकावर बसलेल्या बाईला आत्या कौतुकानं सांगत होती, "माह्या पोट्टीच्याच हातून काढून घेऊन राहिली मी." ते ऐकल्यावर शर्मिष्ठाच्या तोंडून सर्जनचं नाव निघेना. तिनं एक्सरे पाकिटात सारला आणि बधिर करायची सुई भरली.

दाढ निघता निघेना. शेवटी फोडून काढावी लागली. "संध्याकाळपर्यंत बधिरपणा उतरेल," ती म्हणाली.

तो उतरला नाही. आत्याचा खालचा ओठ आणि हनुवटी उजव्या अंगानं लाकडासारखी झाली. चहानं ओठ भाजला तरी तिला कळलं नाही, फोड आला तेव्हा आरशात दिसला. शर्मिष्ठाची झोप उडाली. ती दर आठवड्याला आत्याला डोळे मिटायला सांगे आणि ओठावरून कापसाचं टोक फिरवी. हळूहळू आत्या म्हणू लागली, "हव, लागलं." शर्मिष्ठानं देवाचे आभार मानले आणि पुढं विचारायचंच सोडून दिलं.

संक्रांतीला आत्याकडं हळदीकुंकू होतं. सगळ्या बायका हसत-बोलत होत्या. आत्याच्या हनुवटीला तिळगुळाचा एक मोठा कण चिकटला होता आणि ती तशीच सगळ्यांशी बोलत होती. शेजारच्या कमलाताईंनी हळूच आपल्या हनुवटीला हात लावून खूण केली. आत्यानं पदरानं तोंड पुसलं, तेही भलत्याच बाजूचं. मग हसून म्हणाली, "थंडीनं चामडी मेली माही. बाकी आमच्या शर्मिष्ठाचा हात लय हलका, बरं!"

शर्मिष्ठानं हातातली कुंकवाची कोयरी खाली ठेवली.

बायका गेल्यावर तिनं आत्याला खिडकीपाशी बसवलं. "डोळे मीट." आत्यानं मिटले. शर्मिष्ठानं हात मांडीवरून उचललासुद्धा नाही.

"आता लागलं?"

"हव, लागलं."

"आत्या, मी हात लावलाच नाही."

आत्यानं डोळे उघडले. आत्याचे यजमान नरहरीकाका दारात उभे होते. ते म्हणाले, "लोकं काय म्हणतील, पोरीचा दवाखाना बसंल, म्हणून बोलत नाही ही. मराठी मंडळाच्या पंगतीले जाणं बंद केलं हिनं."

शर्मिष्ठाला वाटलं, इथंच जमिनीनं गिळावं. माफी मागून भागणार नव्हतं. "मी एक्सरेत पाहिलं होतं, आत्या," ती म्हणाली. "मुळं नसेला टेकली होती. सर्जनकडे पाठवायला पाहिजे होतं. पण तू बाहेर माझं कौतुक करत होतीस, आणि मला ते हवं होतं."

आत्या म्हणाली, "मंग तेव्हा काहून नाही बोलली? मी गेली असती न नागपूरले." आणि उठून स्वयंपाकघरात निघून गेली. तिनं पदर डोळ्यांना लावलेला शर्मिष्ठानं पहिल्यांदाच पाहिला.

पंधरवडाभर आत्या फोनवर आली नाही. मग एके दिवशी स्वतःच पिशवी भरून दवाखान्यात आली. "चाल. कोणत्या डॉक्टरकडं न्यायचं तिकडं ने."

नागपूरच्या सर्जननं तपासलं. लवकर आला असता तर नस मोकळी करून पाहता आली असती, म्हणाले. आता औषध घ्या आणि वाट पाहा. शर्मिष्ठानं मान खाली घातली. परतीच्या गाडीत आत्यानं डबा उघडून पोळीचा अर्धा तुकडा भाचीपुढं धरला.

पुढच्या दिवाळीपर्यंत ओठाला मुंग्या येऊ लागल्या, मग थोडी जाणीव आली. हनुवटीवरची रुपयाएवढी जागा मात्र कायमची बधिर राहिली. आत्या पुन्हा पंगतीला जाऊ लागली. रुमाल जवळ ठेवते, विचारणाऱ्याला खरं ते सांगते. भाचीच्या हाताचं कौतुक मात्र तिनं पुन्हा कोणापाशी केलं नाही.

शर्मिष्ठा आता अवघड दाढ असली की एक्सरे दिव्यापुढं धरते आणि पेशंटला नस बोटानं दाखवते. काही लोक घाबरून दुसरीकडं जातात. ती त्यांना थांबवत नाही.