पुरवणीतला फोटो

माझी ताई कंटेनर यार्डात क्रेन चालवते. पाच मजले उंचीवर तिची काचेची केबिन. खालची माणसं तिला ‘वरच्या बाई’ म्हणतात, तेही चिडवून नाही, धाक आहे म्हणून. घरात मात्र तिला साधा चहा धड जमत नाही. लग्न झाल्यापासून स्वयंपाक भावजींचा. ते घरीच शिवणकाम करतात. मशीन आणि गॅस एकाच खोलीत, इकडे टाके, तिकडे फोडणी. ताईने डबा उघडला की यार्डातली माणसं आपापला डबा घेऊन जवळ सरकतात.

त्या दिवशी वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी एक बाई फोटोग्राफरला घेऊन घरी आल्या. मी तिथेच होते. यार्डातले फोटो आधीच काढून झाले होते.

“आता घरचे हवेत. एवढं मोठं काम करून पुन्हा घर सांभाळता, हे वाचकांना फार आवडतं. स्वयंपाक तुम्हीच करता ना?”

भावजी तिथेच कढईत भाजी परतत होते. ताईने त्यांच्याकडे बघितलं नाही.

“हो, मीच. पहाटे उठून करते.”

पहाटे उठून! दहा हाका मारल्याशिवाय ही बाई कूस बदलत नाही. मी तोंड उघडणार, तोच भावजींनी मला डोळ्यांनी दटावलं.

“दादा, जरा बाजूला होता का? फोटोत येताय,” फोटोग्राफर म्हणाला. भावजींनी गॅस बंद केला, उलथनं ताईच्या हातात दिलं आणि जिन्यात जाऊन उभे राहिले.

रविवारी पुरवणी आली. ‘क्रेनही तिची, चूलही तिची’. कढईत उलथनं घालून ताई गोड हसतेय. तिच्या सासूबाईंचा फोन आला, “आता कशी सून शोभलीस!” शेजारणी आपापल्या मुलींना तो फोटो दाखवू लागल्या.

सोमवारी यार्डात मुकादम ताईच्या डब्यातली भाजी खाऊन म्हणाले, “बाई, तुमच्या हाताला चव आहे हो.”

“माझ्या नाही, नवऱ्याच्या,” ताई म्हणाली. सगळे हसले. “आता कशाला लपवता? छापून आलंय की!”

संध्याकाळी ती घरी आली तीच उतरल्या चेहऱ्याने. माझ्यादेखत भावजींना म्हणाली, “स्वयंपाक येत नाही याची मला कधी लाज वाटली नव्हती हो. त्या बाईंनी विचारलं आणि एकदम वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटतेय. तुम्ही समोर होतात, आणि मी...”

भावजींनी मशीन थांबवलं, चष्मा पुसला आणि पुरवणी खिडकीपाशी नेली.

“छान आलीयेस,” ते म्हणाले. मग कढईखाली बोट ठेवलं. “तेवढा गॅस पेटवायचा राहिला.”

एवढ्या लोकांनी तो फोटो पाहिला होता. मीही पाहिला होता. जाळ नाही हे एकट्या त्यांनाच दिसलं होतं.

“उद्या डब्याला काय करू?” त्यांनी विचारलं. ताईला मान वर करता येईना.