कोणता संसार?

राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि सोजरच्या कॉलेजात सगळे विषय हिंदीतून सुरू झाले. ती राहायची त्या शनवारा पेठेत कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. बाजारात सगळे हिंदी बोलतच होते. पण बाजारातली हिंदी वेगळी आणि तत्त्वज्ञानाच्या पुस्तकातली वेगळी. सोजर चांदनी गावाकडच्या केळीवाल्या शेतकऱ्याची मुलगी, लग्नानंतर बी.ए. करणारी. नवरा सुधाकर कचेरीत कारकून. बायको शिकते याचं त्याला कौतुक होतं, पण आईसमोर तसं बोलायची छाती नव्हती.

पहिल्या वर्षी सोजरने नुसती घोकंपट्टी केली. मग तत्त्वज्ञान हाती आलं आणि तिला भलतीच खोड लागली. मोठ्यांनी काही सांगितलं की ती मान डोलवायची आणि मनात विचारायची, कशावरून? उपवासाबद्दल, विटाळाबद्दल, भाजी निवडता निवडतासुद्धा. ही खोड तिला आता सोडायची नव्हती.

सहामाहीत प्रश्न आला: 'संसार दुःखमय है, विवेचना कीजिए.' बाजारात जगाला दुनिया म्हणतात. संसार हा शब्द सोजरने घरातच ऐकलेला. तिने झपाटून लिहिलं, की संसार दोघांनी ओढला तर दुःखाचा होत नाही, नवऱ्याने आईपुढे तोंड उघडावं आणि सासूने सुनेच्या ताटावर नजर ठेवू नये.

तत्त्वज्ञानाच्या यादव सरांनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला. पोरं पोट धरून हसली. "बात दुनिया की हो रही थी, आपकी गृहस्थी की नहीं," सर म्हणाले. दिवस मावळायच्या आत बातमी तिच्या सासूच्या, मथुराबाईंच्या ओट्यावर पोचली.

"माझ्या घरची अब्रू पेपरात लिहून राहिली तू?" सासू म्हणाली. "बस झालं कॉलेज. उद्यापासून घरीच राहा." सुधाकर चपला शोधायला लागला.

सोजरला रडू आलं. पण रडतानाही तिचं डोकं थांबेना. ज्या धड्यावरून तो प्रश्न आला होता, तो तिने पुन्हा उघडला. त्यातला राजपुत्र ज्ञानाच्या शोधात रात्री निघाला, बायकोला आणि तान्ह्या पोराला झोपलेलं सोडून. मग आपण फार कुठे चुकलो? तिला हे बोलून दाखवायचंच होतं, आणि भीतीही वाटत होती. सुधाकर पाळण्यात असताना मथुराबाईंचा नवरा बैराग्यांबरोबर निघून गेला होता आणि घरात तो विषय कुणी काढत नसे.

सकाळी ती सासूसमोर जाऊन बसली. "सासूबाई, शब्द मी चुकले. पण धड्यातला राजपुत्र बायको-पोराला झोपलेलं सोडून निघून गेला, आणि सर म्हणतात, त्याने जग सोडलं. जग तर त्याच्याबरोबरच चाललं होतं, झाडं, वाटा, माणसं, सगळं. त्याने सोडलं ते घर. मी लिहिला तोच संसार. हे मला कॉलेजमुळे कळलं. मी कॉलेज सोडणार नाही."

मथुराबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"अन् त्याच्या बायकोचं काय झालं?"

"पुस्तकात नाही."

"कसं काय नाही?"

"त्याला ज्ञान झालं, तिथपासून पुढचं सगळं आहे. तिचं नाही."

मथुराबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "मग जा, त्या सराला विचार."

"परत हसले तर?"

"हसू दे. पण विचारल्याबिगर घरी येऊ नको."