सैल खुंट्यांचा पियानो

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे दाजींना, मी पहिल्या दिवसापासून आवडत नव्हतो. मलाही ते कधी आवडले नाहीत. दोघांनीही ही गोष्ट लपवून ठेवली नाही. जळगावला त्यांचं कापसाचं जिनिंग होतं, नवा बंगला होता, मोटार होती. मी धुळ्याला देवपुरात हार्मोनियम दुरुस्त करायचो. त्याआधी सहा वर्षं मुंबईत एका पियानोच्या कारखान्यात काम केलं होतं. वडील गेले म्हणून परत आलो. त्यांच्या तेराव्याला भर पंगतीत दाजी म्हणाले, "घरची शेती सोडून हा पेट्यांची भोकं बुजवत बसतो. उद्या तमाशाच्या फडात दिसला तर नवल नाही." मी भरल्या पानावरून उठलो. पुढे चार वर्षं त्यांच्या दारात पाऊल टाकलं नाही. अक्का मात्र दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी यायची, आठ दिवस राहायची आणि आम्हा दोघांच्या भांडणाबद्दल चकार शब्द काढायची नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या हिवाळ्यात तिचं पत्र आलं. जळगावला कापूस खरेदी करणारा एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता. त्याच्या घरातलं सगळं सामान विक्रीला होतं, त्यात एक मोठा पियानो होता. अक्काने लिहिलं होतं, "मी तो एकदा ऐकला आहे. साहेबाच्या बाईने आम्हा बायकांना चहाला बोलावलं होतं तेव्हा वाजवला. मला तो हवा आहे. आजपर्यंत मी यांच्याकडे काही मागितलं नाही. घेतो म्हणाले. पण तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय घ्यायचा नाही असं मी सांगितलंय. तू ये."

अक्काला सुरांचं वेड लहानपणापासून होतं. वडिलांची जुनी पेटी तीच वाजवायची. लग्न झालं आणि ते बंद पडलं. म्हणून मी गेलो. चाळीसगावला गाडी बदलून दुपारी जळगावला उतरलो. स्टेशनावर दाजींची मोटार नव्हती. बंगल्यावर चालत गेलो तर दाजी व्हरांड्यात कपडे करून तयार उभे होते. 'आलास का' नाही, 'बस' नाही. म्हणाले, "चल. मला वेळ नाही."

साहेबाच्या बंगल्यात आम्हाला दहा मिनिटं दाराबाहेर उभं केलं. मग बाई आली. उंच, वाळलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दाजींना तिने खुर्ची दाखवली. माझ्या हातातली हत्यारांची पिशवी बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"ये कौन है?"

"मिस्त्री," दाजी म्हणाले. बायकोचा भाऊ म्हणाले नाहीत.

"हाथ साफ है?"

मी दोन्ही हात पुढे केले, तळवे दाखवले, उलटे करून दाखवले. तिने खानसाम्याला हाक मारली आणि मला बागेतल्या नळावर हात धुवायला पाठवलं. साबण दिला नाही. परत आलो तर दाजी हसत होते. बाईच्या बोलण्यावर की माझ्या ओल्या बाह्यांवर, कोण जाणे.

पियानो मात्र बघण्यासारखा होता. काळा कुळकुळीत, तीन पायांचा, झाकण उघडलं की आपलं तोंड दिसावं असा. मी आधी त्याच्या खाली वाकलो. शहाबादी फरशीवर पाण्याच्या भांड्यांचे चार गोल डाग होते. भांडी काढून टाकली होती, डाग पुसले गेले नव्हते. खानदेशातल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून तडकू नये म्हणून पियानोखाली कोणी वर्षानुवर्षं पाणी ठेवलं असेल, तर त्या लाकडाने आधीच एकदा त्रास दिलेला असतो. पुढे काय सापडणार याचा मला तिथेच अंदाज आला.

पट्ट्यांवर बोटं फिरवली. सूर एकमेकांशी जुळलेले होते, चांगले जुळलेले. पण खिशातला सुराचा काटा गुडघ्यावर आपटून कानाला लावला, तर अख्खा पियानो त्याच्यापेक्षा खाली होता, जवळजवळ अर्धा सूर. कोणीतरी मुद्दाम सगळ्या तारा सैल ठेवून जुळवल्या होत्या, कारण ताणल्या असत्या तर त्या टिकल्या नसत्या. तारांखालच्या फळीत एक लांब चीर होती आणि ती मेणाने बुजवून वर रंग दिला होता. आता खुंट्या तेवढ्या बघायच्या राहिल्या होत्या. तारा ज्या लोखंडी खुंट्यांना गुंडाळतात त्या जाड लाकडात घट्ट रुतलेल्या असाव्या लागतात. चावी लावून पिळलं तर मनगटाला जोर लागला पाहिजे. मी पहिल्या खुंटीला चावी लावली आणि नुसत्या दोन बोटांनी ती फिरली. दुसरी फिरली. तिसरीही तशीच.

बाई ताडकन पुढे आली आणि मी आणि पियानो यांच्या मधे उभी राहिली.

"बस! तोड देगा तुम!"

मी काय पाहिलं ते तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मला. तिने माझ्या हातातली चावी काढून घेतली आणि दोन बोटांत धरून टेबलावर टाकली. तेवढ्यात दाजी खुर्चीतून म्हणाले, "किती वेळ टिंगटिंग करणार? हातोडी मारून बघणार आहेस काय?" बाईने त्यांच्याकडे बघून हसण्यासारखं तोंड केलं. दोघांचं जमलं होतं. मी चावी उचलली, पिशवी बांधली आणि बाहेर आलो.

आता पुढचं जसं झालं तसंच सांगतो.

फाटकात दाजींचा मुनीम आणि दुसरे एक जिनिंगवाले शेठ उभे होते. त्यांनाही तो पियानो घ्यायचा होता, निदान तसं ते बोलत होते. दाजींनी त्यांच्यासमोरच मला विचारलं, "बोला मिस्त्री, कसा आहे?"

मला थांबता आलं असतं. 'दाजी, बाजूला या' म्हणता आलं असतं. बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं असतं तर त्या माणसाने ऐकलं असतं, पैशाच्या बाबतीत तो मूर्ख नव्हता. पण अजून माझ्या बाह्या ओल्या होत्या. मी मोठ्याने म्हणालो, "दाजी, हे तुमच्या कामाचं नाही. खुंट्या सैल आहेत, फळी फाटलेली आहे. तुम्हाला दिसणार नाही, कारण तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. कापसाच्या गाठी घ्या. हे वाद्य आहे."

शेठ फिसकन हसले. दाजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. रागावले की ते खानदेशीत बोलत. "माले शिकाडस? पेटीवाला माले शिकाडस?" म्हणाले आणि मागे वळून तरातरा बंगल्यात गेले. बाहेर आले ते सौदा पक्का करूनच.

मी खरं तेच सांगितलं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. पण असं सांगितलं होतं की ऐकणाऱ्याने त्याच्या उलट करावं. आणि ते करतील हे मला बोलण्याआधीच माहीत होतं. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खुशीत होतो. इतका की चाळीसगावच्या फलाटावर दोन वेळा चहा घेतला.

अक्काचा विचार त्या दिवशी माझ्या डोक्यात आला नाही. हे मी वयाचं किंवा रागाचं कारण सांगून झाकत नाही.

होळीपर्यंत पियानो ठीक वाजला. अक्काने मिशनच्या एका बाईंना घरी बोलावून शिकायला सुरुवात केली होती. मग जळगावचा उन्हाळा लागला. पंधरा दिवसांत एकेक सूर गळायला लागला. त्यातच दाजींनी बंगल्यावर चहापार्टी ठेवली. सरकारी अधिकारी आले, त्यांच्या बायका आल्या. एक बाई पियानोवर बसली, दोन ओळी वाजवल्या, थांबली, आणि तोंडाला रुमाल लावून उठली. मग सगळेच हसले. दाजींनी ते हसणं उभ्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस मला घ्यायला धुळ्याला आला.

हॉलमध्ये दाजी येरझाऱ्या घालत होते. अक्का भिंतीला टेकून उभी होती. मी आत शिरताच दाजी तिच्यावरच ओरडले, "भावाला बोलवा म्हणालीस! त्याला समजतं म्हणालीस! बठ्ठा गाव हसना माले!" मग माझ्याकडे वळले. "बघितलं होतंस ना तू? हात घालून बघितलं होतंस ना?"

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "मुनीम साक्षीला आहे. खुंट्या सैल आहेत, याच शब्दांत सांगितलं होतं."

दाजी पाय आपटत बाहेर गेले. त्यांना गप्प केलं याचा आनंद मला झाला, तो तोंडावरही दिसला असणार. कारण अक्का माझ्याकडे बघत होती.

"तू सांगितलंस," ती म्हणाली. "मुनीमाने मला सगळं सांगितलंय. कोणासमोर सांगितलंस, कसं सांगितलंस, तेही."

मी पियानोकडे बघितलं.

"मी घरात होते. फाटकात काही न बोलता आधी घरी येऊन माझ्या कानात सांगायचं होतंस. मी अडवलं असतं त्यांना. त्यांनी तो घ्यावा हेच तुला हवं होतं."

"अक्का, ते मला—"

"ते तुला काय म्हणाले ते मला माहीत आहे. ते मला रोज म्हणतात. मी काय मागितलं होतं तुझ्याकडे?"

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. पियानोचं झाकण खाली केलं, त्यावर पांढरी चादर घातली आणि आत गेली. मी निघालो. जेवूनच जा, असं म्हणायला कोणी आलं नाही.

त्या आखाजीला ती माहेरी आली नाही. आईने माळवदाच्या तुळईला झोका बांधून घेतला होता, तो तसाच लोंबत राहिला. शेवटी आईने मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं. माझी आई कमी बोलणारी बाई. "जाऊन नीट करून दे," एवढंच म्हणाली. वाद्याबद्दल म्हणाली की बहिणीबद्दल, मी विचारलं नाही.

मी दाजींना पत्र लिहिलं. ते अख्ख्या आयुष्यात मी लिहिलेलं सगळ्यात कडू पत्र. चूक माझी आहे, दुरुस्ती मी करीन, मजुरी नको, असं लिहिलं. उत्तर आलं नाही. तीन पत्रांनंतर मुनीमाच्या हातची एक ओळ आली, मालकांची हरकत नाही, मागच्या दाराने यावे.

मुंबईहून मी जाड खुंट्या मागवल्या आणि पावसाळा उतरल्यावर गेलो. सव्वा महिना त्या हॉलमध्ये काम केलं. सगळ्या तारा उतरवल्या. दोनशेच्या वर खुंट्या एकेक करून काढल्या आणि नव्या ठोकल्या. फळीतलं मेण खरवडून तिथे लाकडाची पातळ पाचर सरसाने बसवली. माझं जेवण मागच्या पडवीत यायचं, गड्यांबरोबर. दाजी हॉलमधून जाताना जमिनीवर पडलेल्या हत्यारांना पाय लावून जायचे. एकदा मी चावी शोधत होतो तर ती अंगणात सापडली. मी उचलली, पुसली. अक्का हॉलमध्ये यायचीच नाही. तिचा आवाज स्वयंपाकघरातून यायचा, कोणावर तरी ओरडल्यासारखा, पूर्वी असा नव्हता.

काम संपलं त्या सकाळी मी मोलकरणीला सांगून तिला बोलावलं. ती आली. उभ्यानेच एक पट्टी दाबली, मग शेजारची, मग हात खाली उतरवत गेली अगदी डाव्या टोकापर्यंत. सूर काट्याला लागून होते.

"टिकतील?"

"खाली पाणी ठेव. उन्हाळ्यात खिडक्या बंद. टिकतील."

"बरं," ती म्हणाली.

तेवढ्यात दाजी एका पाहुण्याला घेऊन आत आले. कोणी व्यापारी असावा. दाजींनी पियानोच्या झाकणावर हात ठेवला आणि त्याला म्हणाले, "साहेबाच्या घरचा आहे. लोक म्हणत होते, घेऊ नका. मी एका नजरेत ओळखलं होतं, चीज अस्सल आहे." माझ्याकडे बोट करून म्हणाले, "याला विचारा. हा मिस्त्री आहे."

पाहुण्याने माझ्याकडे बघितलं. अक्कानेही बघितलं. माझ्या तोंडात दाजींसाठी तयार असलेली वाक्यं आजही मला पाठ आहेत.

"हो," मी म्हणालो. "चांगला आहे."

आणि हत्यारं पिशवीत भरायला लागलो. अक्का तेवढ्यात स्टुलावर बसली होती. तिने वाजवायला सुरुवात केली नाही, पण उठलीही नाही. मी मागच्या दाराने बाहेर पडलो आणि स्टेशनकडे चालत गेलो.