चौकटीचं दुसरं टोक

"चौकटीचं विचारलं होतं नं त्याईनं? मंग चौकटीचंच सांगाचं! लेकराचं काऊन काढलं तू?"

ओमप्रकाशचा आवाज इतका चढला की शेजारच्या अंगणात कपडे आपटणं थांबलं.

"चौकट कशी आणली, असं विचारलं. कशी आणली ते सांगितलं म्या," अनुसयाबाई म्हणाली. तिच्यासमोर सुपात तुरीच्या शेंगा होत्या. ती सोलत राहिली.

"भर सभेत?"

"सभेतच विचारलं नं बाप्पा. घरात कोणी विचारलं होतं?"

आतून ओमप्रकाशची बायको नलू हात पुसत आली. "आत्याबाई, लोक काय म्हणून राह्यले माहीत हाये का तुम्हाले? बापूजींनी नात मारली म्हनते. आज नळावर बायका मी गेल्यावर गपकन चूप झाल्या."

बापूजी म्हणजे अनुसयाबाईचे सासरे. धरणात जुनं गाव गेलं तेव्हा कचेरीचे उंबरे झिजवून त्यांनी घराघराला जागा मिळवून दिली होती. या नव्या गावात, हिंगणीत, अजून त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं हात जोडतात. जुन्या घराची सागवानी चौकटही त्यांनीच सोडवून आणली आणि इथल्या नव्या घराला बसवली. तिच्यावर दोन मोर आहेत, वर वेलबुट्टी. दर वर्षी पोळ्याच्या आधी तिला जवसाचं तेल लावायचं काम अनुसयाबाईचं. नलू लग्न होऊन आली तेव्हा म्हणाली होती, द्या, मी लावतो. अनुसयाबाईनं तिला चिंधीला हातही लावू दिला नाही. सासूचा हट्ट, म्हणून नलूनं ते सोडून दिलं.

या चौकटीपायीच विद्यापीठाच्या इतिहास विभागाची माणसं घरी आली. बुडालेल्या गावांवर त्यांची व्याख्यानं चालली होती. आज या गावात, पुढच्या महिन्यात त्या गावात. आधी विभागाच्या नमिता मॅडम पडद्यावर जुने नकाशे दाखवायच्या, मग म्हाताऱ्या माणसांच्या हाती माईक द्यायच्या. मॅडमनी चौकटीचे पंचवीस-तीस फोटो काढले आणि विचारलं, ही आणताना पाहिलेलं कोणी आहे का?

"हाये नं, माही माय हाये!" ओमप्रकाशच म्हणाला होता. "तिले सगळं आठवते."

कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं आईला इरकली नेसायला लावली, पहिल्या रांगेत बसवलं. शाळेचा हॉल भरला होता. तिच्या हाती माईक आला तेव्हा त्यानं स्वतः मोबाईल धरून व्हिडिओ सुरू केला.

अनुसयाबाई म्हणाली, गाव खाली होत होतं. रिकाम्या घरांची लाकडं रात्रीतून चोरीला जात होती. आमच्या घरी बैलगाडी एकच. पोरगी सात महिन्यांची, जया नाव. दोन दिवसांपासून तिला हगवण होती. डोळे आत गेले होते. मी म्हटलं, हिला तालुक्याच्या डॉक्टरकडे न्या. बापूजी म्हणाले, आज चौकट नेऊ, लेकराला उद्या नेऊ. चौकट काही रात्रभर राहणार नाही.

इथं हॉलमध्ये टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, बापूजींच्या दूरदृष्टीची गोष्ट चालली आहे.

टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, चौकट जड. एक टोक यांनी धरलं, बापूजी बैलांपाशी, दुसऱ्याला माणूस नव्हतं. म्या लेकरू खाली ठेवलं अन् दुसरं टोक धरलं. गाडी गेली. पहाटे लेकरू गेलं. लहान लेकराले जाळत नाई, पुरते. शेताच्या धुऱ्यावर हिवराच्या झाडाखाली पुरलं. पावसाळ्यात तिथं धरणाचं पाणी आलं.

एवढं बोलून तिनं माईक मॅडमच्या हाती दिला आणि पदर सारखा करून खाली बसली. ओमप्रकाशचा व्हिडिओ अर्ध्यावरच बंद झाला होता.

आता रविवारी वर्ध्याला इतिहास विभागाचं प्रदर्शन होतं. चौकटीच्या मोठ्या फोटोशेजारी अनुसयाबाईचे शब्द लागणार, आवाज ऐकवणार. ओमप्रकाशनं दोनदा फोन करून सांगितलं, लेकराचं तेवढं काढा. दोन्ही वेळा मॅडम म्हणाल्या, "आजी म्हणाल्या तर काढू. तुमच्या सांगण्यावरून नाही काढता येणार."

"शेहेचाळीस वर्षांचा झालो मी," ओमप्रकाश म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "मी घरातला पह्यला म्हणून मिरवलो. मले बहीण होती हे गावासोबत ऐकावं लागलं. मले एकट्याले तरी सांगाचं होतं, माय."

अनुसयाबाईनं सूप बाजूला सारलं.

"तुहा बाप म्हणे, बापूजी हायेत तोवर तोंड उघडू नको. बापूजी गेले. मंग म्हणे, आता कायले. मंग थेही गेले. अन् तुले काय सांगू? म्या खाली ठेवलं तिले, असं सांगू? तू जेवत राहे, मी वाढत राहो. कधी सांगू?"

नलू खाली बसली. तिनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुमचं दुःख हाये, आत्याबाई, मी नाई कुठं म्हनतो? पण ते चौकटीचं राहू द्या, लेकराचं जाऊ द्या. चार लोकांत ऱ्हा लागते आपल्याले."

ओमप्रकाशनं मॅडमचा नंबर लावला आणि फोन आईपुढे धरला. घंटी वाजत होती. "दोनच शब्द बोल. तेवढं काढून टाका म्हण."

तिकडून मॅडमचा आवाज आला, "हॅलो? हॅलो?"

अनुसयाबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"मॅडम, काहीच काढू नका. दुसरं टोक म्या धरलं होतं, थेही राहू द्या. लेकराचं नाव मोठ्या अक्षरात लिहा."

फोन तिनं ओमप्रकाशच्या हातात परत दिला.

"रविवारी मी वर्ध्याले चालली," ती म्हणाली. "तुम्ही या नाईतं नका येऊ. मी सकाळच्या यष्टीनं जातो."