गोधडीतल्या मावशी

मे महिन्यात, भर दुपारी, पंखा बंद करून डोक्यावरून गोधडी ओढून बसणारी बाई मुदखेडात एकच होती. शेजारणींना वाटायचं, बाईंना हिवताप भरलाय. ताप वगैरे काही नव्हता. निवृत्त शिक्षिका असलेल्या आमच्या मावशी गोधडीच्या आत टॅब्लेटसमोर बसून बी.ए.चा इतिहास वाचत असायच्या. तो मला ऐकायचा असायचा, कारण मला जन्मापासून दिसत नाही.

मावशी नात्याच्या नव्हेत. मी अहमदपूरची, शिकायला नांदेडच्या वसतिगृहात राहायची. आम्हा अंध मुलींना पुस्तकं वाचून द्यायला कुणीतरी हवंय हे कानावर पडल्यावर त्या आपणहून आल्या. म्हणाल्या, "माझा घसा उभी नोकरी पोरांवर ओरडून पक्का झालाय गं. त्याला कामाला लावा."

मुलानं नवा घेतला म्हणून घरी पडून असलेला टॅब्लेट त्यांनी पुढं केला. पहिलं रेकॉर्डिंग ऐकून मी कपाळाला हात लावला. मावशी श्वास घ्यायला थांबल्या की पंख्याची घरघर एकदम मोठी व्हायची आणि अंगणातला कावळा थेट कानात येऊन बसायचा. शांतता झाली की तो टॅब्लेट आपल्या मनानं आवाज वाढवायचा. बोटाखाली काय आहे ते टॅब्लेट मला बोलून दाखवतो; पडदा चाचपत चाचपत मी तसं करणारं बटण शोधलं आणि बंद केलं. पुढं कॉलरला लावायचा छोटा माईक आला. पत्र्याच्या खोलीतला घुमारा मात्र गोधडीनंच गिळला. टॅब्लेटवर कुठं खरं काम होतं का, असं तेव्हा बरेच जण म्हणायचे. आज मी दुकानांच्या जाहिराती आणि बोलती पुस्तकं टॅब्लेटवरच तयार करते आणि त्यावरच माझं पोट चालतं.

एकदा ऐन लढाईत राजा घोड्यावरून पडला आणि 'टिंग' करून कुणाचं तरी शुभ सकाळ आलं. तेव्हापासून रेकॉर्डिंगच्या आधी विमान मोड लावायचा नेम झाला. मावशींनी विमान फक्त आभाळात पाहिलेलं. पण गोधडी ओढायच्या आधी त्या न चुकता म्हणायच्या, "चला, बसले विमानात."

घर रुळांच्या जवळ. गाडी आली की वाचन थांबायचं, पण मावशींचं तोंड थांबायचं नाही. पुस्तक वाचताना त्यांची भाषा इस्त्री केलेली; पुस्तक खाली ठेवलं की घरची. "थांब गं, मालगाडी हाय. लई लांबडी हाय." मग तेवढ्यात राजाची झाडाझडती: "ह्यानं मायचं ऐकलं असतं तर पुढचा धडाच आला नसता." आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी ठरलेलं वाक्य: "झाला धडा. उठ, पाणी पी."

हे सगळं कापून टाकायचं, असा त्यांचा हुकूम होता. "माझी बडबड ठेवू नको. एखादी पेपरात लिहून बसंल." रविवारी मी त्यांच्या घरी बसून कापायची, हसायची आणि वर त्यांनीच केलेला चहा प्यायची.

त्यांच्या आवाजाला कीड लागलीय हे सगळ्यात आधी मला कळलं. हेडफोनमध्ये प्रत्येक वाक्याचं शेपूट खरखरायला लागलं होतं. त्या म्हणाल्या, गोधडीचा धुरळा हाय. मी पिच्छाच पुरवला, तेव्हा कुठं लातूरला दाखवून आल्या. परत आल्यावर शेजारी बसून म्हणाल्या, "घशात गाठ हाय, कापावी लागंल. जीव ऱ्हाईल म्हणतात. आवाज न्हाई." आणि लगेच, "राज्यशास्त्राचं पुस्तक पुरं करायचं हाय."

ते पुस्तक किनवटहून नव्यानं शिकायला आलेल्या रमासाठी होतं. तीही माझ्यासारखीच. मी म्हटलं, "मावशी, दुसरं कुणी वाचेल. घशाला आराम द्या." तर म्हणाल्या, "जायचाच हाय, मग जपून कुणासाठी ठेवू?" शेवटचे धडे त्यांनी घोट घोट पाणी पीत वाचले, पण वाचले.

ऑपरेशनला आत नेताना त्यांनी माझा हात दाबला. "चला, बसले विमानात." त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं वाक्य.

नंतरचे महिने मला फार जड गेले. डॉक्टरांचा शब्द खरा ठरला, जीव राहिला. पण त्यांना बोलता येईना आणि मला दिसेना. त्यांचं हसणं, मान हलवणं, पाटीवर लिहिणं यातलं माझ्यापर्यंत काहीच पोचायचं नाही. माझ्यासाठी मावशी म्हणजे आवाजच होता. शेवटी मी त्यांना टॅब्लेटवर लिहायला शिकवलं. त्या एका बोटानं टिक टिक करून लिहायच्या आणि टॅब्लेटमधली बाई वाचून दाखवायची. ती बाई 'लई' म्हणाली तरी स्टेशनवर गाडीची सूचना दिल्यासारखी म्हणायची. मी खोलीवर येऊन रडायची.

राज्यशास्त्राचं पुस्तक कापायचं राहिलं होतं. मी गाड्या कापल्या, खोकला कापला, राजकारण्यांना दिलेल्या शिव्याही कापल्या. एक वाक्य मात्र माझ्याच्यानं कापवलं नाही.

पुस्तक तयार झाल्यावर रमाला घेऊन मी मुदखेडला गेले. तिघी बसून पहिला धडा ऐकला. धडा संपला आणि टॅब्लेटमधून आवाज आला, "झाला धडा. उठ, पाणी पी."

मावशींचा आवाज जिनं कधी समोरून ऐकला नव्हता, ती रमा शहाण्या मुलीसारखी उठली. भिंत चाचपत माठापाशी गेली. झाकण वाजलं, पेला वाजला, ती घटाघटा पाणी प्याली.

टिक टिक सुरू झाली. टॅब्लेटमधली बाई म्हणाली, "काप म्हटलं होतं ना?"

"राहून गेलं, मावशी," मी म्हटलं.

रुळांवरून एक गाडी गेली. मग पुन्हा टिक टिक, आणि त्या सूचना देणाऱ्या सुरात मला माझ्या मावशी ऐकू आल्या.

"राहू दे. उठ, तू पण पाणी पी."

मी उठले.