बिनअत्तराचे चाचा

आमचे चाचा स्वतःचं कोपर हुंगायचे. हो, कोपर! भर मीटिंगमध्ये, साक्षात मालकांसमोर. शर्टाची बाही नाकाला लावून खोल श्वास घ्यायचे आणि समाधी लागल्यासारखे डोळे मिटायचे. मी नाशिकहून सौदीतल्या अल खर्जच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आलो, पहिल्याच दिवशी हे दृश्य पाहिलं आणि मनात म्हटलं, उन्हाने गेले बिचारे.

कारखाना बिनदारूच्या बिअरचा. चाचा तिथले मुख्य ब्रूअर. रत्नागिरीकडचे, पाच वेळचे नमाजी. "बिअर बनवतो म्हटलं की गाववाले दोन पावलं मागे सरकतात," ते सांगायचे, "आणि बिनदारूची म्हटलं की मुंबईवाले!"

बिअरला कडवटपणा आणि वास येतो तो हॉपमुळे. हे एका वेलीचं हिरवं, कागदी पाकळ्यांचं फूल. नव्या जातींचे नमुने परदेशातून यायचे. चाचा ते तळहातांवर गरम होईस्तोवर चोळायचे, हुंगायचे, आणि पुढच्या नमुन्याआधी पुन्हा कोपर. "आपला वास नाकाच्या ओळखीचा असतो रे. तो घेतला की नाक घरी जाऊन येतं."

या नाकापायी त्यांनी अत्तर सोडलं होतं. शुक्रवारी सगळे घमघमत नमाजाला निघायचे, चाचा मात्र कोरडे ठणठणीत. कुणी अत्तराची कुपी पुढे केली की हात पाठीमागे. हौस नव्हती असं नाही. अब्बांची कुपी कपाटात होती. बंद.

मग आमचं जुनं पेय खपेनासं झालं. मालक म्हणाले, नवं जमलं नाही तर हा विभाग खलास, इथे ताक भरू. आमच्या सगळ्यांचे इकामे, म्हणजे इथे राहायचे परवाने, त्या एका फुलाला लटकले! चाचा महिनाभर नमुने चोळत बसले. एक दिवस धावत आले आणि तळहात माझ्या नाकावरच दाबला. "बोल इंजिनियर, काय?"

"कैरी?"

"नुसती कैरी नाय! देठ मोडल्यावर चीक उडतो ना, तो!"

मालक निवड करायला आले. त्यांच्या मानासाठी मॅनेजरने रिवाजाप्रमाणे बखूरचं धुपाटणं फिरवलं. ऊदाच्या गोड धुराने खोली भरली आणि चाचांचा चेहरा पडला. मालकांनी सगळे नमुने हुंगले आणि भलताच उचलला. "हाच!" टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, नोकरी कुणाला नको असते?

चाचांनी कोपर हुंगलं. मग शांतपणे म्हणाले, "शेख, माफी असावी. तुम्ही हॉप नाही, बखूर निवडलात. माझ्या कोपरालाही तोच वास येतोय. उद्या सकाळी पुन्हा या. अत्तर न लावता."

मालकाला अत्तराशिवाय या म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. मॅनेजर पांढराफटक. मालकांनी सावकाश स्वतःची बाही नाकाशी नेली. मग मॅनेजरने नेली. मग आम्ही सगळ्यांनीच! खोलीभर माणसं आपापली कोपरं हुंगत उभी.

दुसऱ्या दिवशी मालक खरंच बिनवासाचे आले. चाचांच्या नमुन्याशी थांबले. पुन्हा हुंगला. "हे कुठलं फळ?"

"आमच्या परसातलं, शेख."

ते पेय चाललं. आज माझी मुलगी इथल्याच शाळेत शिकते आणि माझ्याशी इंग्रजीत भांडते, ती चाचांच्या कोपराच्या कृपेने.

गेल्या वर्षी चाचा कायमचे गावी निघाले. विमानतळावर सोडायला मी गाडी घेऊन गेलो. ते आत बसले आणि गाडी अत्तराने भरून गेली.

"चाचा, हे काय?"

"अब्बांची कुपी उघडली. आता नाक माझं, कंपनीचं नाय."

निरोप देताना त्यांनी मला घट्ट मिठी मारली. मी तिथून थेट कारखान्यात आलो. नव्या हॉपचे नमुने टेबलावर वाट पाहत होते. आता ते तपासायचं काम माझ्याकडे होतं. पहिला चोळला, हुंगला आणि सवयीने बाही नाकाला लावली.

बाहीला चाचांचं अत्तर.

नमुने मी झाकून ठेवले आणि पुन्हा कोपर हुंगलं.