थापाकाकांचा एकच प्रश्न

थापाकाका स्वतःची ओळख करून देताना आधी 'परदेशी' म्हणायचे आणि मग मिशीवर हात फिरवायचे. देवळाली कॅम्पात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. बायको सिन्नरची, ताटात बाजरीची भाकरी, तरी नागरिक नेपाळचे आणि त्याचा तोरा वेगळाच. भारताच्या गोरखा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बाजारात कुणी 'भाडोत्री शिपाई' म्हणून डिवचलं तरी चिडायचे नाहीत. "पगारासाठी माणूस ड्यूटीवर उभा राहतो. गोळीसमोर पुढं सरकतो तो शेजारच्यासाठी," एवढं ऐकवून कोथिंबिरीचा भाव करू लागायचे. गेल्या हिवाळ्यात ते वारले.

त्याच्या आदल्या वर्षी माझा मुलगा निखिल सैन्यभरतीत दोनदा मागे पडला, तेव्हा एका एजंटाने त्याला दूरच्या देशाच्या फौजेचं आमिष दाखवलं. तिथे युद्ध पेटलेलं. पोरगा बॅग भरून तयार. थापाकाकांना म्हटलं, तुम्ही तरी अडवा.

"मी कुठल्या तोंडानं अडवू, वहिनी? मीपण सीमा ओलांडूनच आलो ना. परमुलखातले शिपाई पहिल्यापासून हायेत. पेशव्यांकडं अरब होते."

मला इतका संताप आला, की चहासुद्धा विचारला नाही.

संध्याकाळी मात्र ते स्वतःहून आले. निखिलला एजंटाचा फोन स्पीकरवर लावायला सांगितला आणि एकच प्रश्न विचारला, "याचा साहेब याच्याशी कुठल्या भाषेत बोलणार?"

"मोबाईलमध्ये भाषांतर होतं, काका," एजंट हसला. "आणि तिथे बोलायचंय काय? हात दाखवला की पळायचं."

काकांनी फोन बंद केला.

"आमच्या पलटणीत बाहेरचा साहेब आला, की त्याला आधी आमची बोली शिकावी लागायची," ते निखिलला म्हणाले. "मांडीत गोळी घुसली तेव्हा मी हिंदीबिंदी सगळं विसरलो. आमा, आमा ओरडत होतो. साहेब केरळचा. रांगत आला, कानाशी म्हणाला, 'म यहीं छु.' मी इथंच आहे. तू तिथं 'आई' म्हणशील, ते कोणाला कळंल, बेटा?"

निखिल आत जाऊन बॅगेतले कपडे कपाटात लावू लागला. मला रडू आवरेना.

दारापर्यंत सोडायला गेले, तेव्हा विचारलं, "आणि साहेबाला मराठी येते, असं एजंट म्हणाला असता तर?"

"तर नाइलाज होता, वहिनी. मग त्याच्यासंगं मीपण भरती झालो असतो."

सत्तरी गाठलेल्या माणसाचं हे बोलणं मी थट्टेवारी नेलं नाही.